परदेशी गुंतवणूक आली की आपल्या गाळ्यांची उत्पादकता वाढते का? (रबाळे, महापे, वागळे इस्टेटवाल्यांनी जरूर लिहा)

रबाळे_टर्निंग

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमचा टर्न्ड पार्ट्सचा (लेथवर कातलेल्या भागांचा) गाळा आहे. स्विचगिअरला (विजेचे ब्रेकर, पॅनल वगैरे) लागणारे पितळेचे आणि तांब्याचे बारीक भाग करतो. जवळपास निम्मं काम ज्या कंपनीकडून येतं ती पूर्वी पूर्ण देशी होती, आता तिच्यात एका युरोपीय कंपनीने बहुमताचा हिस्सा घेतला आहे. तेव्हापासून आमच्या शॉप फ्लोअरवर झालेले बदल आधीच्या कित्येक वर्षांत झाले नव्हते. महत्त्वाच्या प्रत्येक मापाचा सीपीके (माप मर्यादेत किती सातत्याने राहतं त्याचा आकडा) मागतात. गेजचं कॅलिब्रेशन वेळेवर नसेल तर माल गेटवरून परत. त्यांचा एक इंजिनीअर आमच्या सेटरबरोबर (कामासाठी मशिन लावून देणारा कारागीर) मशिनपाशी उभा राहिला आणि पुढच्या जॉबचे जॉ (भाग पकडणारे जबडे), टूल, प्रोग्रॅम आधीच तयार ठेवायची सवय लावून गेला. नव्या जॉबसाठी मशिन लावायला, म्हणजे सेटिंगला, अर्धी शिफ्ट जायची, ती आता तास-दीड तासावर आली आहे. रिजेक्शन तर खूपच उतरलं.

पण दरवर्षी भाव कमी करायचं कलम करारात आलं. पेमेंट लांबलं. आणि तो नवीन पद्धत शिकलेला सेटर त्यांच्याच प्लांटमध्ये नोकरीला गेला.

माझं मत असं की जो कारखाना अशा कंपनीला माल पुरवतो त्याची उत्पादकता खरोखर वाढते, पण वाढलेलं त्याच्या पदरात राहतंच असं नाही. सरकारी जाहिरातींत गुंतवणुकीचे आकडे येतात, गाळ्यात काय झालं ते येत नाही. तुमचे अनुभव सांगा. आणि अशा एका ग्राहकाच्या भरवशावर नव्या मशिनचं कर्ज काढावं का, हेही सांगा.

घोडबंदर_रोड

चांगला विषय. वाचतोय.

कळव्याचे_काका

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या परदेशी भांडवलाच्या कंपनीत टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणारा विभाग) झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आज या रस्त्यावर काचेच्या इमारती दिसतात. आमच्या उमेदीत इथे कारखान्यांची धुराडी होती. कळव्याला सीमेन्स आणि फिलिप्स, तुर्भ्याला फायझर, खाडीच्या पलीकडे ठाण्यात कोलशेतला बायर, पोखरण रोडला कॅडबरी. मफतलाल आणि शेल यांच्या भागीदारीतल्या नॉसिलचा नॅफ्था क्रॅकर (नॅफ्थापासून इथिलीनसारखी रसायनं काढणारा प्लांट) १९६८ साली सुरू झाला. शेजारच्या पॉलिओलेफिन्समध्ये हेक्स्टची भागीदारी होती, ते नॉसिलचं इथिलीन घेऊन एचडीपीई हे प्लास्टिक करायचे. प्लास्टिकचा दाणा इथेच मिळू लागल्यावर बादल्या, पाइप, क्रेट करणाऱ्यांना कच्चा माल हाताशी आला. गुंतवणुकीचा फायदा माल विकणाऱ्यालाच होतो असं नाही, माल विकत घेणाऱ्यालाही होतो, हे मी तिथे पाहिलं.

दुसरी गोष्ट माणसांची. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. तिथल्या आणि नंतर रबाळे-महापेच्या गाळ्यांचे कितीतरी मालक मोठ्या कंपन्यांतले फोरमन, टूलमेकर, अप्रेंटिस होते. आमच्या टूलरूममधून बाहेर पडलेल्यांनी प्रेस टूलचे, जिग-फिक्स्चरचे धंदे उभे केले. ड्रॉइंग वाचणं, सरफेस ग्राइंडरवर मायक्रॉनमध्ये काम करणं, पहिला नग तपासल्याशिवाय मशिन न सोडणं, ही शिस्त ते बरोबर घेऊन गेले. तिची नोंद कुठल्याच ताळेबंदात नाही.

रबाळे_टर्निंग, तुमचा सेटर गेला हे वाईट झालं. पण तो तिथून परत येईल तेव्हा आणखी शिकून येईल, आणि कदाचित स्वतःचा गाळा टाकेल. आमच्या वेळी असंच झालं.

पवनेवाला

काका, आदर ठेवून सांगतो, तुम्ही पुरवठादाराच्या बाजूने बोलताय. परदेशी कंपनी जो माल करते त्याच मालाचा मी स्पर्धक आहे. माझी बाजू ऐका.

आम्ही छोटे औद्योगिक पंप करतो. एका परदेशी कंपनीने इथली जुनी ब्रँडवाली कंपनी विकत घेतली. डीलरला जास्त क्रेडिट, मोठी वॉरंटी, मोठ्या प्रमाणावर बनवल्यामुळे कमी भाव. आमची विक्री घटली. पण शेड तेवढीच, विजेचा फिक्स चार्ज तेवढाच, क्वालिटीचा माणूस तोच. महिन्याचा स्थिर खर्च दहा लाख आणि हजार पंप असतील तर नगामागे हजार रुपये. सातशेच पंप विकले गेले तर नगामागे चौदाशेच्या वर. आमच्या कारागिरांचा हात काही मंद झालेला नाही, तरी कागदावर आमची उत्पादकता पडली.

शिकायचं म्हणाल तर शिकलो. मेकॅनिकल सील बदललं, टेस्ट बेंच नीट केला. पण ती सुधारणा करायला पैसे लागतात आणि विक्री घटत असताना बँक दारात उभी करत नाही.

मीरा_अर्थशास्त्र

पवनेवाला यांनी जे मांडलंय ते अर्थशास्त्रात नावाजलेल्या एका अभ्यासाशी तंतोतंत जुळतं. एटकिन आणि हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातल्या कारखान्यांची १९७६ ते १९८९ ची आकडेवारी तपासून १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या कारखान्यात परदेशी भागभांडवल आलं त्याची उत्पादकता वाढलेली दिसली, विशेषतः लहान कारखान्यांत. त्याच क्षेत्रातल्या पूर्ण देशी कारखान्यांची मात्र घटलेली दिसली. कारण हेच: बाजार हिसकावला गेला आणि स्थिर खर्च कमी मालावर पसरला.

मग सगळ्यांचं लक्ष पुरवठादारांकडे वळलं. बियाता याव्होर्चिक यांनी लिथुआनियाच्या कंपन्यांवर काम केलं, ते २००४ मध्ये आलं. परदेशी कंपन्या ज्या उद्योगांकडून माल घेतात त्या उद्योगांतल्या देशी कंपन्यांची उत्पादकता वाढलेली आढळली. हे तर्कालाही धरून आहे. स्पर्धकाला कोणी आपलं तंत्र शिकवत नाही, पण पुरवठादार सुधारला तर कंपनीचाच फायदा असतो, म्हणून इंजिनीअर पाठवला जातो. यातला आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. हा परिणाम देशी-परदेशी भागीदारीतल्या कंपन्यांमुळे दिसला, शंभर टक्के परदेशी मालकीच्या कंपन्यांमुळे दिसला नाही.

भारतापुरतं बोलायचं तर पवईच्या आयआयटीतले विनिश कठुरिया यांचं या विषयावर बरंच काम आहे. त्यातून दिसतं की परदेशी कंपन्या आसपास असल्याचा लाभ आपोआप पसरत नाही. ज्या देशी कंपन्या स्वतः संशोधनावर, शिकण्यावर खर्च करतात त्यांना तो मिळतो.

आता रबाळे_टर्निंग यांच्या मुख्य मुद्द्याबद्दल. बहुतेक अभ्यासांत उत्पादकता मोजताना नग मोजत नाहीत, रुपये मोजतात. वार्षिक उद्योग सर्वेक्षण असो वा कंपन्यांचे ताळेबंद, हाती येते ती विक्रीची रक्कम. समजा तुम्ही तेवढ्याच माणसांत आणि तेवढ्याच मशिनवर दहा टक्के जास्त नग काढले आणि ग्राहकाने भाव दहा टक्के उतरवला. तुमच्या आकड्यांत वाढ जवळजवळ शून्य दिसेल. ग्राहकाला तेच भाग स्वस्तात मिळाले, म्हणून वाढ त्याच्या आकड्यांत दिसेल. गाळ्यात झालेली सुधारणा गाळ्याच्या हिशेबातून गायब होते. म्हणून तुमची तक्रार नुसती धंद्यातली कुरकुर आहे असं मला वाटत नाही. उत्पादकता कुणाच्या नावावर मांडली जाते हाच तो प्रश्न आहे.

घोडबंदर_रोड

मीराताई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. हे वर्तमानपत्रात कुणी का लिहीत नाही?

सीवूड्स_श्री

+१

अंबरनाथचा_अभि

माझा थोडा वेगळा मुद्दा. गुंतवणुकीने सुधारणा झाली की कंपनी आधीच चांगली होती म्हणून गुंतवणूक आली? परदेशी माणूस बंद पडलेला कारखाना घेत नाही. चाळण लावून उत्तम तेच घेतो. मग पाच वर्षांनी म्हणायचं, बघा, परदेशी हिस्सा असलेली कंपनी किती पुढे आहे.

आणि १९९१ चा दाखला देताना लोक सगळं एकत्र करतात. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी दिली हे खरं. पण त्याच सुमारास बहुतेक उद्योगांचा परवाना गेला, आयात शुल्क उतरू लागलं, चांगलं मशिन आणि चांगला कच्चा माल बाहेरून आणणं सोपं झालं. आमच्या वडिलांच्या कारखान्यातला सगळ्यात मोठा बदल कुठल्या परदेशी भागीदारामुळे नव्हता, आयात केलेल्या सेकंडहँड सीएनसीमुळे (संगणकावर चालणाऱ्या मशिनमुळे) होता.

मीरा_अर्थशास्त्र

अभि, दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पहिल्यासाठी त्याच कारखान्याची आधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहतात, फक्त देशी विरुद्ध परदेशी अशी तुलना करत नाहीत. एटकिन-हॅरिसन यांनी तेच केलं, आणि त्यामुळेच आधीच्या अभ्यासांतला गुलाबी रंग उतरला. परदेशी कंपन्या मुळातच जास्त उत्पादक क्षेत्रांत जात होत्या. दुसरा आक्षेप भारताबाबत अवघड आहे. सगळी दारं एकदम उघडली तर कुठल्या दारातून किती वारा आला ते वेगळं काढणं कठीणच.

ऐरोली_परचेस

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. परदेशी कंपनीच्या खरेदी विभागात आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. काही गोष्टी आतून कशा चालतात ते सांगते, कारण गाळेवाल्यांना त्या कुणी सांगत नाही.

आम्ही इथून माल घेणार की बाहेरून मागवणार, हे भावापेक्षा ड्रॉइंगचा मालक कोण यावर जास्त ठरतं. इथल्या ऑफिसला डिझाइन बदलायचा अधिकार असेल तर रबाळ्याचा माणूस सांगू शकतो की ही त्रिज्या थोडी मोठी केली तर टूल जास्त टिकेल, आणि तो बदल आठवड्यात होतो. डिझाइन मुख्यालयात असेल तर तोच बदल महिनोन् महिने अडकतो आणि शेवटी आम्ही ठरलेल्या जुन्या परदेशी पुरवठादाराकडूनच माल उचलतो. मीराताईंनी भागीदारीतल्या कंपन्यांबद्दल जे लिहिलंय त्याचं एक कारण हेही असावं. देशी भागीदाराला गावातले पुरवठादार माहीत असतात आणि मुख्यालयाला पटवायची त्याला गरजही असते.

नवीन पुरवठादार मंजूर करायला नमुने, मापांचे अहवाल, मटेरियल टेस्ट, ऑडिट, ट्रायल लॉट असा मोठा प्रवास असतो. त्याचा खर्च आम्हालाही येतो. म्हणून एकदा मंजूर झालेल्याला आम्ही सहजासहजी सोडत नाही. ही तुमची ताकद आहे, ती वापरा.

भाव कमी करण्याच्या कलमाबद्दल. पहिल्या मसुद्यातला आकडा हा आकाशातून पडलेला नसतो, तो बोलणीसाठीच असतो. धातूचा भाव आणि मशिनिंगचा भाव वेगळा लिहून घ्या. पितळेचा भाव बाजाराप्रमाणे वरखाली होईल आणि कपात फक्त मशिनिंगवर लागू होईल असं मांडा. पितळेच्या टर्निंगमध्ये निघणाऱ्या बुऱ्याची (धातूच्या किसाची) किंमत कुणाच्या खात्यात धरली आहे तेही बघा, बरेच जण ते बघत नाहीत. आणि सुधारणा संयुक्त असेल तर बचत अर्धी-अर्धी हे कलम मागा. अनेक कंपन्यांच्या धोरणात ते असतं. मागितलं नाही तर कोणी आपणहून देत नाही.

पवनेवाला

ताई, हे तुम्ही इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या साहेबांनी हा धागा वाचू नये एवढीच प्रार्थना :)

तुर्भे_कामगार

सगळे मालक आणि खरेदीवाले बोलले, आता कामगाराची बाजू.

नव्या मालकाने बहुमत घेतल्यावर पहिलं काय होतं? कायम कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती. मग त्याच मशिनवर कंत्राटी मुलं, तेच काम, बरंच कमी वेतन. आणि वरून सांगायचं की उत्पादकता वाढली. अहो, खर्च कमी झाला आणि उत्पादकता वाढली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंत्राटी मुलगा वर्षभरात दुसरीकडे जातो, शिकलेलं घेऊन जातो, आणि मशिन नव्या मुलाच्या हातात येतं. काका म्हणतात ती टूलरूमची शिस्त रुजायला माणूस टिकावा लागतो.

कळव्याचे_काका

तुर्भे_कामगार, तुमचं हे मला पूर्ण मान्य आहे. आमच्या वेळी कंपनीची स्वतःची अप्रेंटिस शाळा असायची, मुलगा फाइलिंगपासून सुरुवात करायचा. त्या शाळा बंद झाल्या तेव्हा फक्त त्या कंपनीचं नुकसान झालं नाही, सगळ्या पट्ट्याचं झालं. आयटीआयची मुलं हुशार असतात, पण त्यांना मशिनवर पुरेसा वेळ मिळत नाही.

महापे_ते_मुलुंड

थोडं विषयांतर. उत्पादकतेची एवढी चर्चा चाललीय, पण शिळफाट्याला ट्रक किती वेळ अडकतो ते कुठल्या सूत्रात धरलंय? ठाणे-तुर्भे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली म्हणून निदान कामगार वेळेवर येतात. दिघा गाव स्टेशनला मात्र जानेवारी २०२४ उजाडला. मालाची कथा अजून तशीच.

सीवूड्स_श्री

विषयांतर कसलं, हाही मुद्दाच आहे. वेळेवर माल हवा म्हणणारी कंपनी आठवड्याचा साठा मात्र पुरवठादाराच्या गोदामात ठेवायला लावते, कारण ट्रक कधी पोहोचेल याचा भरवसा नाही. त्या साठ्यावरचं व्याज कोण भरतं?

डोंबिवली_सीए

पैशांवर आलात म्हणून लिहितो. पेमेंट लांबलं हे सगळ्यांनी नशीब म्हणून सोडून दिलेलं दिसतंय. तसं नाही.

२००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. करारात ९० दिवस लिहिले म्हणून कायदा बदलत नाही. शिवाय प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे मार्चमध्ये हिशेब विभागाचे फोन येऊ लागलेत, हे तुमच्यापैकी काहींनी अनुभवलं असेल. यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) हवी आणि ती बिलावर छापलेली बरी.

तरी ग्राहकाशी भांडायचं नसेल तर ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिलं वटवून देणारा ऑनलाइन मंच) बिल टाका. ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे आधी मिळतात, व्याज ग्राहकाच्या पतीवर ठरतं, तुमच्या नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या मंचावर नोंदणी सक्तीची केली आहे. परदेशी कंपन्यांची पत चांगली असते, मग तिचा उपयोग करून घ्यायला काय हरकत आहे?

रबाळे_टर्निंग

सीए साहेब, उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर छापत नव्हतो. आजच फॉरमॅट बदलायला सांगितलं. ट्रेड्सबद्दल ग्राहकाच्या फायनान्सला मेल करतो.

ऐरोली_परचेस ताई, धातू आणि मशिनिंग वेगळं लिहिण्याबद्दल: आमच्या पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) एकच दर आहे, बुरा आमच्याकडे. वर्षाच्या मध्ये हे बदलून मागता येतं का?

ऐरोली_परचेस

येतं. पितळेचा भाव चढलेला असताना मागू नका, ते भाववाढ मागितल्यासारखं दिसतं. पुढच्या दर चर्चेत तुमचा खर्चाचा तक्ता स्वतःहून ठेवा. सेटिंगचा वेळ किती उतरला त्याची आधीची आणि नंतरची नोंद असेल तर सोबत जोडा. त्यांच्या इंजिनीअरला ही नोंद हवीच असते, त्याला वर दाखवायची असते.

तळोजा_टेक्सटाइल

नोंदीचा विषय निघाला म्हणून. सुधारणेसाठी परदेशी मालकच लागतो का? अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आपल्याच भागातला आहे. तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांत केलेला. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. काही कारखान्यांना सल्लागार दिले, त्यांनी काही महिने साध्या गोष्टी लावून दिल्या: दोषांची रोजची नोंद, सुताच्या साठ्याची मोजदाद, मशिन बंद पडण्याची कारणं, जमीन स्वच्छ ठेवणं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. २०१३ मध्ये ते छापून आलं.

मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? बऱ्याच जणांना आपण चांगलंच चालवतोय असं वाटत होतं. काहींना याचा फायदा होईल यावर विश्वास नव्हता. म्हणजे परदेशी ग्राहक करतो ते काम ज्ञानाचं कमी आणि सक्तीचं जास्त. गेटवरून माल परत आला की माणूस नोंद ठेवायला लागतो.

अंबरनाथचा_अभि

अगदी. मग सक्ती करणारा ग्राहक देशी असला तरी चालेल. मारुतीचं उदाहरण बघा. १९८२ चा करार झाला तेव्हा सुझुकीचा वाटा फक्त २६ टक्के होता, सरकार मोठं भागीदार. सुटे भाग इथे बनवायची अट होती, म्हणून त्यांनी पुरवठादार उभे केले, काहींमध्ये स्वतः भांडवल घातलं. पुढे डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) नियमांमुळे अशी अट घालणं बंद झालं, वाहन क्षेत्रातल्या अटींवरून भारताविरुद्ध निकालही गेला.

मीरा_अर्थशास्त्र

म्हणूनच अटी घालता येत नसतील तर पूल बांधावे लागतात. सिंगापूरने १९८६ मध्ये योजना आणली: परदेशी कंपनीचा अनुभवी इंजिनीअर पुरवठादारांना सुधारायला पूर्ण वेळ द्यायचा आणि त्याचा पगार सरकारने भरायचा. मलेशियात पेनांगला १९८९ मध्ये कंपन्यांनी मिळून कौशल्य केंद्र काढलं, सगळ्यांची माणसं तिथे शिकतात, त्यामुळे माणूस पळवला गेला तरी एकट्याचं नुकसान होत नाही. रबाळे_टर्निंग यांच्या सेटरचा प्रश्न असा सुटू शकतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात उद्योजकांच्या संघटना आहेत, आयटीआय आहेत, कंपन्या आहेत. जोडणारं कुणी नाही.

तुर्भे_कामगार

असं केंद्र आपल्याकडे निघालं तर मी कामगारांच्या बाजूने लागेल ती मदत करीन. फक्त कंत्राटी मुलांनाही तिथे प्रवेश असावा.

महापे_ते_मुलुंड

पण इथे आता कारखान्यांत परदेशी पैसा येतोय कुठे? जुन्या प्लांटच्या जागी टॉवर किंवा आयटी पार्क. आणि ऐरोली, रबाळे, महापेला डेटा सेंटर. त्यात हजारो कोटी येतात म्हणे, पण टर्निंगवाल्याला त्याचा काय उपयोग? दारावर चार सुरक्षारक्षक आणि आत सर्व्हर.

कळव्याचे_काका

थांबा, इथे मी बोलू शकतो. डेटा सेंटर म्हणजे निम्मी विजेचीच कामं. पॅनल, बसबार, ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, यूपीएस, कूलिंगचे पंप. एका पॅनलमध्ये पितळेचे आणि तांब्याचे किती भाग लागतात ते रबाळे_टर्निंग सांगतील. आणि पंप पवनेवाला. प्रश्न एवढाच की ती पॅनल तयार बाहेरून येतात की इथे जोडली जातात.

रबाळे_टर्निंग

काका, आमच्या या वर्षीच्या वाढीव ऑर्डर बऱ्याचशा तिथूनच आल्यात. ग्राहकाचं पॅनलचं काम वाढलंय, ते मला त्यांच्याच प्लॅनरकडून कळलं.

सगळ्यांचं वाचून माझा निर्णय सांगतो. नव्या मशिनचं कर्ज आत्ता काढत नाही. आधी मोजमापावर खर्च करतो, म्हणजे सुधारणा माझ्या नोंदीत राहील आणि दुसऱ्या ग्राहकालाही दाखवता येईल. निम्मं काम एकाच ठिकाणी असणं धोक्याचं आहे. दर चर्चेत धातू वेगळा आणि बचत अर्धी-अर्धी हे दोन मुद्दे मांडणार. आणि सेटिंगची पद्धत एका माणसाच्या डोक्यात न ठेवता प्रत्येक जॉबचा सेटिंग कागद बनवायला घेतलाय, दोन मुलांना एकदम शिकवतोय.

सेकंडहँड सीएमएम (भागाची मापं तिन्ही दिशांनी मोजणारं मशिन) घ्यावं का, कुणाला अनुभव आहे?

पवनेवाला

बारीक टर्न्ड भागांना सीएमएमपेक्षा चांगला प्रोफाइल प्रोजेक्टर किंवा व्हिजन मशिन (भागाची सावली किंवा चित्र मोठं करून मोजणारं) बघा. स्वस्त पडेल आणि पटकन मोजून होईल. सीएमएम लागेल तेव्हा बाहेरच्या लॅबमध्ये तासावर मोजून मिळतं, पवन्यात दोन-तीन ठिकाणं आहेत. व्यनि (खासगी निरोप) करतो.

कळव्याचे_काका

व्हिजन मशिन घेतलंत तर त्याच्या ग्रॅनाइटच्या टेबलाखाली कंपन येत नाही ना ते बघा. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस असेल तर जागा बदला. शनिवारी मी रबाळ्याला येणारच आहे, हवं तर येऊन बघतो.

रबाळे_टर्निंग

काका, शेजारी प्रेस आहे! शनिवारी नक्की या, अकरानंतर कधीही. पवनेवाला, तुम्हीही या, जेवण माझ्याकडे.